गॅस आला का?

परवा अरबी समुद्रात पुन्हा कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली आणि आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येऊन पडला, 'गॅस भरून ठेवायचा का?' त्याखाली धडाधड उत्तरं. एकाने लिहिलं, आपल्याकडे पाइपलाइन आहे, भरणार कशात? दुसऱ्याने लिहिलं, ते गाडीचा म्हणतायत. तिसऱ्या बाईंनी नुसते जोडलेले हात टाकले, ते कशासाठी हे त्यांनाच ठाऊक. मी मोबाइल उपडा ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली घोडबंदर रोडवर गाड्या नेहमीसारख्या तुंबल्या होत्या. त्यातली रोजची कोंडी कुठली आणि पंपापर्यंत गेलेली रांग कुठली, हे इतक्या उंचावरून कळत नाही. खाली उतरल्यावरही फारसं कळत नाही म्हणा.

मे महिना अर्धा सरला की मला दर वर्षी असंच होतं. अंगाला घाम चिकटून राहतो, कपाटातल्या पापडांना दमटपणा येतो, हापूस जरा आवाक्यात येतो आणि माझ्या डोक्यात काही वर्षांपूर्वीचा तो एक मे महिना सुरू होतो. सुरू होतो म्हणजे पहिल्यापासून नीट नव्हे. मधूनच कुठून तरी होतो. कधी धुरापासून, कधी वाटाण्याच्या उसळीपासून, कधी एका परक्या माणसाच्या चपलेपासून. आधी काय झालं आणि मग काय, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. घरात विचारावं तर प्रत्येकाचा मे महिना वेगळा. माझ्या नवऱ्याच्या, प्रशांतच्या, मे महिन्यात नुसत्या रांगा आहेत. पप्पांच्या मे महिन्यात पप्पाच सगळे निर्णय घेतात. आणि आई त्यावर बोलायचंच टाळते.

तर, मला तेव्हा नववा लागलेला आणि मी शहाडला माहेरी होते. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने. आता ते पहिलं की दुसरं, यावरही आमच्याकडे एकमत नव्हतं. ठाण्याच्या ज्या हॉस्पिटलात माझं नाव घातलेलं, तिथल्या फाइलवर ही माझी दुसरी खेप होती. आई मात्र चाळीत सगळ्यांना ठणकावून सांगायची, "पहिलटकरीण आहे हो माझी लेक." त्याआधीचं जे पाचव्या महिन्यात गेलं, ते मोजायचं की नाही, हे मलाही कधी ठरवता आलं नाही. कुणी विचारलं की मी आईच्या तोंडाकडे बघायची आणि आई दुसरीकडे बघायची.

त्या वेळी, म्हणजे त्या पहिल्या वेळी, मला दुपारपासून पोटात कसंतरी होत होतं. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, गॅस असेल. सासूबाई फोनवर म्हणाल्या, गॅसच असणार, हिंग लाव. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले तर तिथेही गॅसचीच गोळी मिळाली. तो गॅस नव्हता. त्यानंतर बरेच दिवस मला त्या शब्दाचीच भीती बसली. स्वयंपाकघरातून कुणी नुसतं 'गॅस लाव गं' म्हटलं तरी माझा हात पोटावर जायचा. आणि नेमक्या त्या मे महिन्यात असं काही झालं की सगळ्या शहराच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ हा एकच शब्द आला.

वादळ आलं आणि गेलं, ते एका दिवसाचं काम होतं. आमच्या चाळीचे चार पत्रे उडाले, नळाशेजारचा गुलमोहर फुलांसकट आडवा झाला, वीज गेली आणि आली आणि गेली. लोकांनी हुश्श केलं. खरा गोंधळ त्यानंतर. आधी रिक्षांच्या पंपावरचा गॅस संपला, मग पेट्रोलही मोजून मापून द्यायला लागले, मग सिलिंडरची गाडी येईना. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे समुद्र खवळलाय म्हणून जहाजं धक्क्याला लागत नाहीत. कुणी म्हणे पाइप फुटला. कुणी म्हणे माल आहे, दाबून ठेवलाय. पप्पा रोज सकाळी पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि पेपर खाली ठेवून म्हणायचे, "काय समजत नाय." कंपनीतून रिटायर झाल्यापासून पप्पांना न समजलेली ही पहिलीच गोष्ट असावी, निदान त्यांनी कबूल केलेली.

आमच्या भाषेची तरी कमालच आहे. चूल सोडली तर जे जे म्हणून पेटतं, जळतं, फुगतं, त्या सगळ्याला आपण एकच शब्द ठेवलाय. ओट्यावरची शेगडी तोही गॅस, तिच्याखालचा सिलिंडर तोही गॅस, रिक्षात भरतात तोही गॅस, आमच्या ठाण्याच्या घरी भिंतीतून येतो तोही गॅस, आणि पोटातला तो तर गॅसच. एरवी काही अडत नाही, बोलण्याच्या ओघात कळून जातं. पण सगळेच गॅस एकदम संपले आणि ओघच राहिला नाही. सकाळी कुणी दारावरून जाता-जाता "गॅस आला का?" विचारलं की आई "नाही ओ" म्हणायची आणि पप्पा "रात्रीपासून बरं आहे" म्हणायचे, कारण त्यांना पित्ताचा त्रास.

एक दुपार तर मी कधीच विसरणार नाही. चाळीच्या टोकाच्या खोलीतल्या नलूमावशींच्या घरातून गॅसचा वास यायला लागला. कुणीतरी ओरडलं, "अरे गॅसचा वास येतोय!" मधल्या खोल्यांपर्यंत त्यातला 'वास' गळाला आणि आमच्यापर्यंत पोचेतो ते नुसतं "गॅस येतोय!" झालं. आईने रिकामा सिलिंडर कडेवर तिरका करून गडगडत गल्लीत काढला. पप्पा बनियनवरच, हातात गॅसचं पुस्तक. शेजारचा संजूदादा, त्याची रिक्षा दारातच उभी असायची, तो पंपावर गॅस आला समजून चावी घेऊन धावला. आणि समोरून नलूमावशींच्या बाजूचे लोक पोरं काखोटीला मारून बाहेर पळत सुटलेले. आमचे लोक तिकडे आणि तिकडचे इकडे, नळापाशी सगळ्यांची गाठ पडली. आई सिलिंडर धरून ओरडतेय, "नंबर लावा, नंबर लावा," आणि समोरच्या बाया तिच्यावर ओरडतायत, "आगं मरशील, मागं फिर!"

निघालं काय, तर नलूमावशी दूध तापवायला ठेवून बोलत बसलेल्या आणि दूध उतू जाऊन ज्योत विझलेली. कुणाला काही झालं नाही. पण खरं भांडण त्यानंतर पेटलं. आदल्याच दिवशी त्यांनी आपला सिलिंडर संपलाय म्हणून अर्ध्या चाळीला सांगितलेलं. माझी आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे तुझ्याकडे होता!" चार दिवस कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. वास आला म्हणून जेवढे घाबरले नसतील तेवढे लोक वास येण्याइतका गॅस त्यांच्याकडे होता म्हणून चिडले होते. मला हसू येत होतं आणि हसताना पोट दुखत होतं आणि पोट दुखलं की घाबरायला होत होतं. त्या दिवसांत मला एकच एक काही वाटतच नव्हतं.

शेवटी चाळीमागच्या बोळात विटा मांडून चूल घातली. लाकूड गुलमोहराचं, वरून कोरडं दिसणारं आणि आतून ओलं. सगळ्यांनी गृहीत धरलं की आईला चूल येत असणार, कारण आई वयाने मोठी. आईचा जन्म कल्याणच्या चाळीतला, वाढली रॉकेलच्या स्टोव्हवर, लग्न होऊन आली ती सिलिंडरवाल्या घरात. चूल तिने विहाराच्या कार्यक्रमात लांबून बघितलेली, खीर शिजताना. पण नाही कसं म्हणायचं? ती ठसकत, डोळे पुसत फुंकणीने फुंकत राहायची आणि गुलमोहराची लाल फुलं जाळात तडतडत राहायची. त्या धुराचा वास भाताला लागायचा, भाकरीला लागायचा, माझ्या केसांना लागायचा. पप्पा प्रत्येक घासाला "वा, गावची चव" म्हणायचे. कुठलं गाव? आमचं गाव तर पप्पांनी स्वतः नीट बघितलेलं नाही.

प्रशांत तिकडे ठाण्यात. ठरलेलं असं की कळा सुरू झाल्या की त्याने गाडी घेऊन शहाडला यायचं आणि मला ठाण्याच्या हॉस्पिटलात न्यायचं. माझी फाइल गाडीतच ठेवलेली, ऐन वेळी शोधाशोध नको म्हणून. त्याची गाडीही गॅसवरची. टाकी भरलेली पाहिजे म्हणून तो घोडबंदर रोडच्या पंपावर रांगेत उभा राहायचा. तासन्‌तास उभं राहून गॅस मिळाला की मला भेटायला यावंसं वाटायचं. पण शहाडला यायचं तर तोच गॅस जळणार, आणि तो जळला की पुन्हा रांग. म्हणजे माझ्यासाठी तयार राहायचं तर माझ्याकडे यायचं नाही. हे गणित तो मला फोनवर समजावून सांगायचा आणि मला ते पटायचं आणि फोन ठेवल्यावर मी रडायची. मला त्याचा रागच यायचा. त्याचं चुकत कुठे होतं ते मात्र सापडत नसे.

एकदा आईने फोन घेतला. "गॅस मिळाला का प्रशांतराव?"

"लाइनमध्ये आहे, आई."

आईने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "अगं, तुमच्याकडे लाइनचाच आहे ना? मग मिळाला का काय विचारतेस रोज?"

मी म्हटलं, "आई, तो लाइनमध्ये आहे. गॅस नाही."

आईने फोनवरचा हात काढला. मग फोनमध्ये म्हणाली, "बरं, जपून राहा," आणि फोन माझ्याकडे दिला. तिला काय समजलं हे मी विचारलं नाही. मला त्या दिवसांत सगळ्यांना सगळं समजावून सांगायचा कंटाळा आला होता, आणि मी सांगत होते ते तरी बरोबर होतं का?

तो दिवस उजाडला तसा साधाच. दुपारी वाटाण्याची उसळ होती. वाटाणे नीट शिजले नव्हते, ओल्या लाकडावर कुठले शिजायला. जेवून मी आडवी झाले. पंखा बंद, दाराला ओलं फडकं. मग पोटात कळ आली. कळ म्हणावी का? काहीतरी आलं आणि गेलं. मी उठून बसले, पुन्हा पडले. पुन्हा आलं. मला वाटाण्यांची आठवण झाली. अजून तारखेला वेळ होता, डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि मी तो शब्द तोंडातून काढला.

"आई, गॅस झालाय वाटतं."

आई झोपेतून दचकून उठली, आधी स्वयंपाकघरात गेली, रेग्युलेटर चाचपला, नाक लावून हुंगलं आणि आतूनच म्हणाली, "नाय गं, बंद आहे. त्यात आहेच काय?"

"पोटात, आई."

मग ओवा आला, गरम पाणी आलं. गरम म्हणजे उन्हात ठेवलेल्या कळशीतलं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी ओवा चावत होते आणि मला ती पहिली वेळ आठवत होती, तो हिंग, ती गोळी, आणि त्यानंतर पांढऱ्या चादरीवर पडून बघितलेलं छत. मला खूप भीती वाटत होती. पण भीती वाटते हे सांगितलं तर ते खरं होईल असंही वाटत होतं, म्हणून मी वाटाण्यांबद्दल बोलत राहिले. आईचा हात एकदम थांबला. तो पाठीवरून पुढे पोटावर आला आणि तिथेच राहिला. बाहेर कुणीतरी नळावर बादली ठेवली, तिचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"हा गॅस नाही," आई म्हणाली.

पुढे काय झालं त्याच्या चार गोष्टी आहेत. प्रशांतचं म्हणणं, मी फोन केल्याबरोबर त्यानेच सांगितलं की माझी वाट बघू नका, जवळचं बघा. मला तर त्याचं "आलोच, आलोच" एवढंच आठवतं, आणि त्याच्या मागून हॉर्न. पप्पा म्हणतात, कल्याणला न्यायचं मी ठरवलं. संजूदादा म्हणतो, "मी म्हटलेलो तुझ्या आईला, ठाणं नाय होणार, काटा खाली गेलाय, कल्याणपर्यंत कसातरी ओढतो." आईला विचारलं तर ती म्हणते, "कुणी नाय ठरवलं. रिक्षा जेवढी गेली तेवढी गेली." मला आईचंच खरं वाटतं.

मी मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला अर्धे बाहेर पप्पा. आई विहारातली वंदना म्हणत होती आणि मधेच अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती, त्यामुळे ती पुढे सरकतच नव्हती. शहाडच्या पुलाचा चढ रिक्षाने कण्हत-कण्हत चढला. उताराला संजूदादाने इंजिन बंद केलं आणि रिक्षा नुसती घरंगळत खाली आली. मग मुरबाड रोडला सपाटी लागली आणि ती हळूहळू, कुणाला न दुखावता, थांबली. गॅस संपला होता. खालचं राखीव पेट्रोल तर कधीच संपलेलं. एरवी हॉर्नने कान किटतात तो रस्ता, त्या दिवशी गप्प. संजूदादा खाली उतरून दोन्ही हात हलवत उभा राहिला.

मागून एक रिक्षा आली. तिच्या रिक्षावाल्याने एकदा आत माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता म्हणाला, "बस रे, हँडल पकड." मग तो आपल्या रिक्षात बसला, डावा पाय बाहेर काढला आणि आमच्या रिक्षाच्या मागे, नेमका माझ्या पाठीमागे, ठेवला. मुंबई-ठाण्याच्या रिक्षावाल्यांची ही जुनीच रीत, बंद पडलेल्या भावाला पाय लावून पुढे न्यायचं. पण माझ्या आईने ती आतून कधी अनुभवली नव्हती. तिला मागे धप्प झालेलं जाणवलं, तिने वळून पाहिलं तर एक चप्पल.

"अहो पाय काय लावताय! लेकरू हाय आत!"

"मावशी, ढकलतोय!"

"हाताने ढकला की!"

पप्पा ओरडले, "अगं त्याचे हात हँडलवर आहेत!" मी कळ दाबून हसत होते की रडत होते, देव जाणे. तो माणूस पाय न काढता, खड्डा आला की आवाज देत, आम्हाला कल्याणच्या एका लहानशा नर्सिंग होमच्या दारापर्यंत घेऊन आला. स्वतःचा गॅस जाळून. उतरल्यावर आईने त्याला हात जोडले, तर त्याने ज्या पायाने ढकललं होतं त्याकडे बोट दाखवून म्हटलं, "सॉरी हां मावशी." आणि गेला. त्याचं नाव आम्हाला माहीत नाही. पप्पांना वाटतं तो उल्हासनगरचा असावा, कशावरून ते पप्पाच जाणोत.

नर्सिंग होममध्ये निम्मी माणसं आलेलीच नव्हती, येणार कशाने? एक डॉक्टरबाई, एक सिस्टर. जनरेटरला डिझेल नाही म्हणून खिडकीशी टेबल ओढलेलं. फाइल मागितली, तर ती गाडीत, आणि गाडी घोडबंदर रोडवर. सिस्टरने घाईघाईत विचारलं, "पेन कधीपासून आहे?" पप्पांनी खिशातलं पेन काढून तिला दिलं. तिने ते घेतलं आणि कानामागे अडकवलं, कारण तिला तेही हवंच होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पहिली वेळ का?" मी आईकडे पाहिलं. या वेळी आईने नजर वळवली नाही. "दुसरी आहे," ती म्हणाली. "पहिलं गेलं." मग डॉक्टरबाई आईला म्हणाल्या, "तुम्ही आतच थांबा, मला हात कमी आहेत."

आतलं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. खिडकीतून येणारं दुपारचं ऊन. आईच्या पदराला येणारा धुराचा वास. डॉक्टरबाईंचा आवाज, "मुलगी आहे." आणि मग ते रडणं. बारीक, चिरका आवाज, अडकत-अडकत आलेला. तो ऐकला आणि माझं सगळं अंग सैल झालं. मी मोठ्याने हसले. "रडली! आई, रडली!" असं मी म्हणत होते, पुन:पुन्हा. त्या क्षणाइतकं सुख मला आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही, हे मी प्रशांतलाही सांगितलंय. तो बिचारा पोचला तेव्हा मैत्री, म्हणजे आमची लेक, दुपट्यात गुंडाळून झोपलेली होती आणि त्याच्या हातात फाइल होती.

पण त्या आठवणीत एक गोष्ट बसत नाही. कधीच बसली नाही. मैत्रीचं रडणं मला आठवतं ते आधी. आणि डॉक्टरबाईंचं "सक्शन द्या, लवकर" आणि सिस्टरचं धावणं, आणि तळपायावर टिचक्या मारल्याचा आवाज, हे सगळं त्याच्यानंतर. रडल्यानंतर पोराला कोण कशाला टिचक्या मारेल? इतकी वर्षं मी समजत आले की त्या महिन्यात माझ्या डोक्यात सगळंच उलटसुलट झालंय, तसं हेही झालं असेल.

परवा त्या बातमीनंतर आईचा फोन आला. गॅस आहे का, पाणी भरून ठेव, मैत्रीला खिडकीपाशी जाऊ देऊ नकोस, असलं सगळं. मैत्री त्याच वेळी दूध नको म्हणून भोकाड पसरून बसलेली. मी हसत म्हटलं, "ऐकतेयस ना? जन्मल्या-जन्मल्या लगेच सुरू झाली, ती अजून थांबत नाही."



"लगेच कुठे रडली ती," आई म्हणाली.

"म्हणजे? मी ऐकलं ना."

"ती मी होते."

मी म्हटलं, "कोण मी?"

"अगं ती निळी पडलेली. रडतच नव्हती. मला वाटलं, हे पण गेलं. मला आवरलंच नाही, तोंडातून आवाज निघून गेला. तर तू हसायलाच लागलीस. रडली, रडली म्हणून. डॉक्टरबाईने माझ्याकडे असं बघितलं, मी पदर कोंबला तोंडात. तुला सांगणार काय होते? की रडली ती मी? तू एवढी हसत होतीस."

मैत्री स्वयंपाकघरातून ओरडत होती, दूध नको, नको म्हणजे नको. मी फोन कानाला घट्ट लावला.

"मग?" मी विचारलं. "मग ती कधी रडली?"

"रडली की नंतर."

"पण किती वेळाने, आई?"

"ते नाय सांगता यायचं," आई म्हणाली. "मी तिच्याकडे बघतच नव्हते. तुझ्याकडे बघत होते. तू तोवर हसतच होतीस."